ओपन माइकला जाण्याआधी पट्टी ठरवा

तबला आणि गिटार ओपन माइकला (कुणीही येऊन गावं-वाजवावं अशा खुल्या मंचावर) एकत्र बसत नाहीत, हे मत मला अजिबात पटलं नाही. बसतात, आणि फार सुंदर बसतात! अडतं ते बहुतेक वेळा पट्टीवर, म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' कोणता यावर. गायकाने 'काळी १' (पेटीची पहिली काळी पट्टी) म्हटलं की ते सी शार्प, हे गिटारवाल्याला कळायला हवं. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की सी मधले नेहमीचे कॉर्ड तसेच वाजवता येतात. तबल्याचं तसं नाही. काळी १ चा तबला हातोडीने ठोकून काळी ४ ला नेता येत नाही, त्याला वेगळ्या मापाचा तबला लागतो. म्हणून गायिका कोणत्या पट्टीत गाणार, हे तबलजीला तो घरून निघण्याआधीच कळवा. पेटी असेल तर बाकीच्यांनी तिच्याशी जुळवायचं, तिचे सूर मंचावर बदलत नाहीत. (जुन्या पेटीशी जुळवताना ट्यूनर ॲपपेक्षा कानावर विसंबा.) तालाचं सोपं आहे: गिटारवाल्यांच्या चार-चारच्या (४/४) ठेक्याला केरवा, सहा-आठला (६/८) दादरा. आणि सोबतीला अनोळखी वादक असेल तर एका कडव्यानंतर त्याला एकट्याने वाजवायला दोन-चार आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) मोकळी द्याच.