झिम्बाब्वेला जातोय, इतिहास बघायला कुठून सुरुवात करू?

माळरान : नवऱ्याची दोन वर्षांसाठी हरारेला बदली झाली आहे. पुढच्या महिन्यात मी आणि नववीतली लेक जातोय. ज्याला विचारावं तो व्हिक्टोरिया धबधबाच सांगतो. तो बघूच, पण आपण कुठल्या लोकांत राहायला आलोय हे लेकीला आधी कळावं असं वाटतं. पहिल्या सुट्टीत चार दिवस मिळतील. कुठे जावं? आम्ही शाकाहारी आहोत. बोलण्या-वागण्यात काय पाळायचं, तेही सांगा.

दगडवाट : ताई, डोळे मिटून ग्रेट झिम्बाब्वेला, म्हणजे तिथल्या जुन्या दगडी नगराच्या अवशेषांकडे जा. हरारेहून मास्विंगो शहर साधारण ३०० किमी, तिथून पुढे अर्धा तास. देशाचं नावच तिथून आलंय, शोना भाषेत त्याचा अर्थ 'दगडी घरं'. अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी हे नगर उभारलं. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांब, काही ठिकाणी ११ मीटर उंच, आणि सगळी ग्रॅनाइटच्या चिऱ्यांवर चिरे रचून केलेली. चुना नाही, गारा नाही. आत दोन भिंतींमधून बोळ जातो, तिथे एकामागे एकच चालावं लागतं. लेकीला त्या भिंतीवर हात ठेवायला सांगा.

आणि तिला हेही सांगा, की गोऱ्या वसाहतवाल्यांना हे आफ्रिकी माणसांनी बांधलंय हे पचतच नव्हतं. कुणी फिनिशियन (भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन दर्यावर्दी) म्हणालं, कुणी बायबलमधल्या शेबाच्या राणीचं नाव घेतलं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये उत्खनन करून हे स्थानिकांचंच काम असल्याचं ठामपणे मांडलं, तरी ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला ते नकोच होतं. तिथे सापडलेल्या सोपस्टोनच्या (एक मऊ दगड) पक्ष्याला १९८० च्या स्वातंत्र्यानंतर झेंड्यावर जागा मिळाली, ती का, हे त्या भिंतीपाशी उभं राहिलं की उमगतं. साइटवरचं छोटं संग्रहालय चुकवू नका. आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरातून सोनं बाहेर जायचं आणि भारतातले काचेचे मणी, चिनी भांडी इथवर यायची.

उंबरठा : दगडवाटशी सहमत, पण चारही दिवस तिथेच घालवू नका. तिसऱ्या दिवशी बुलावायो गाठा. गावाजवळच खामीचे अवशेष आहेत, ग्रेट झिम्बाब्वे ओस पडल्यानंतरच्या काळातली राजधानी. गर्दी नसते. तो भाग न्देबेले लोकांचा, त्यांची भाषा वेगळी, इतिहास वेगळा. १९८० च्या दशकात सरकारी फौजेने त्या भागात हजारो माणसं मारली. पाहुण्याने आपणहून हा विषय काढू नये. कुणी सांगायला लागलं तर मात्र शांतपणे ऐकावं.

शेंगदाणा_कूट : मी हरारेत चार वर्षं काढली. खाण्याची काळजी सोडा. साद्झा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने गोळा मोडायचा आणि भाजीत बुडवायचा. पालेभाजीत शेंगदाण्याचं वाटण घालून 'मुरिवो उने दोवी' करतात, ती तुमच्या लेकीला नक्की आवडेल. मांस नको हे आधीच सांगा, कोरड्या भाजीतही कधी कधी घालतात.

सकाळी भेटल्यावर 'मांग्वानानी, मारारा सेई?' असं विचारतात, म्हणजे झोप कशी झाली. उत्तर असतं 'न्दारारा काना मारारावो': तुमची झोप झाली असेल तर माझीही झाली. हे म्हटल्याशिवाय कामाचं बोलू नका. मी पहिल्या आठवड्यात दुकानात शिरून थेट भाव विचारायचे आणि समोरची बाई गप्प व्हायची. मग शेजारच्या आजींनी मला नीट शिकवलं. नमस्कार करताना बायका तळवे किंचित वाटीसारखे करून टाळ्या वाजवतात.

कुणी 'मुतुपो' विचारला तर गोंधळू नका. ते कुळाचं चिन्ह, आपल्या देवकाच्या जवळ जाणारं. सिंह, माकड, हत्ती असं काही. आपल्या मुतुपोचा प्राणी खायचा नाही आणि त्याच मुतुपोत लग्न करायचं नाही.

आणि म्बिरा प्रत्यक्ष ऐका, फोनवर नको. लाकडी फळीवरच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी आणि उजव्या तर्जनीने छेडतात. वाद्य मोठ्या भोपळ्यात अडकवलेलं असतं. त्यावर लावलेल्या बाटल्यांच्या झाकणांची झिणझिण मुद्दाम ठेवलेली असते, वाद्य बिघडलंय असं समजू नका.

माळरान : मनापासून आभार. लेकीने 'न्दारारा काना मारारावो' आत्ताच पाठ केलंय. दोन दिवस मास्विंगो, दोन दिवस बुलावायो असं ठरवते. ग्रेट झिम्बाब्वेची टेकडी कधी चढावी?

दगडवाट : सकाळी, उन्हं वर यायच्या आत. आणि उतरताना जुन्या पायवाटेने या, दोन खडकांमधल्या फटीतून जाते ती.