छेद आधी ठरवा
शिबिरांत किती जण तपासले यावरून रक्तदाब कार्यक्रमाचं यश मोजावं, अशी एक सूचना आली आहे. मला ते अजिबात पटत नाही. किती टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला, हे मोजा. त्या अपूर्णांकाच्या छेदात (खाली) मागच्या तिमाहीत नोंदवलेले सगळे रुग्ण घ्या; अंशात (वर) फक्त या तिमाहीतल्या शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली असलेले. जे आलेच नाहीत त्यांना छेदातून गाळायचं नाही, अहवाल इथेच फुगतात. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर-शिरोळकडे ऊसतोडीच्या दिवसांत तपासणीच्या फेऱ्या चुकणं साहजिक, म्हणून 'अनियंत्रित' आणि 'आले नाहीत' हे रकाने वेगळे ठेवा: पहिल्यात उपचार तपासायचे, दुसऱ्यात आशाताईंमार्फत पाठपुरावा. रजिस्टरमध्ये रक्तदाबाच्या आकड्यांचा शेवटचा अंकही बघा. डिजिटल यंत्रावर शून्याने संपणारा आकडा साधारण दहात एकदा यावा. पानभर १३०/८० दिसलं, तर आकडे अंदाजाने भरलेत.