उसगावचा हिरवट काळा दगड प्रावरणातला आहे का?

प्रश्न (फोंडा): मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. उसगावजवळ सापडलेला एक दगड विद्यार्थ्याने वर्गात आणला. तो बाहेरून जांभ्यासारखा तांबूस, फुटलेल्या बाजूने हिरवट काळा आणि हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो. हा प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा, तुकडा आहे का, असे त्याने विचारले. प्रावरण नेमके कोणत्या खनिजांचे असते आणि ते आपल्याला कळते कसे?

उत्तर (म्हापसा): बाई, दगड न पाहता खात्रीने सांगणे योग्य नव्हे, परंतु उसगावच्या परिसरात ड्युनाइट आणि पेरिडोटाइट हे खडक आहेत. प्रावरणातून वर आलेला शिलारस कवचातच अडकला, आणि तो निवत असताना ऑलिव्हिनचे जड स्फटिक आधी तयार होऊन तळाशी साचत गेले, त्यांतून हे खडक घडले. म्हणून तो प्रावरणाचा तुकडा नव्हे. मात्र ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही त्यातली खनिजे वरच्या प्रावरणातही मुख्य आहेत. गुळगुळीतपणा बहुधा सर्पेंटाइन या खनिजाचा असावा, कारण ऑलिव्हिनवर पाण्याची क्रिया झाली की तेच बनते.

उत्तर (मडगाव): खोलीनुसार खनिजे बदलतात, हे मुलांना अवश्य सांगावे. सुमारे 410 किलोमीटरवर दाबामुळे ऑलिव्हिनमधील अणूंची मांडणी बदलून वॅड्सलेआइट होते, त्याखाली रिंगवुडाइट, आणि 660 किलोमीटरच्या खाली ब्रिजमनाइट व फेरोपेरिक्लेज. या खोल्यांवर भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो, त्यावरून हे बदल ओळखता आले. ब्रिजमनाइट हे पृथ्वीतील सर्वांत विपुल खनिज असूनही त्याला नाव मिळाले 2014 मध्ये, तेही ऑस्ट्रेलियात 1879 साली पडलेल्या उल्केत ते सापडल्यावर. आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ 2012 मध्ये पडलेल्या उल्केतही ते आढळले आहे, आणि मला तर हेच उदाहरण वर्गासाठी सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. प्रावरण म्हणजे वितळलेला लाव्हा, असे मी आजवर सांगत आले. ते चूक आहे का?

उत्तर (म्हापसा): होय, ते सुधारावे. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपाच्या दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात, म्हणजे ते जवळजवळ सर्व घनच आहे, फक्त लक्षावधी वर्षांत अतिशय सावकाश वाहते. दगडाच्या ताज्या फुटीजवळ होकायंत्र धरून पाहा: सर्पेंटाइन बनताना बहुधा मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिजही तयार होते, त्यामुळे सुई हलली तर माझ्या अंदाजाला बळ मिळेल.