मदत हवी आहे: चर्चमधल्या लग्नविधीत मुलांना कसं सामील करून घ्यावं?

भर_दुपार: लग्न ९ दिवसांवर आलंय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ ची. नुसती फुलं उधळायला लावून बाजूला बसवायचं नाहीये, विधीतच काहीतरी द्यायचंय. नेमकं सांगा, वेळ नाही.

वाळूचं_घड्याळ: रंगीत वाळू. वधू, वर आणि दोन्ही मुलं, प्रत्येकाने आपला रंग एकाच बरणीत ओतायचा. चौघांना १००-१०० मिलीच्या बाटल्या, मधली बरणी ४५० मिलीची, रुंद तोंडाची. तळाला आधी ५० मिली पांढरी वाळू. बरणी काठोकाठ भरली पाहिजे, जागा उरली की घरी नेताना रंग कालवले जातात.

शेवटचा_बाक: आधी हे सांगा: कॅथलिक की प्रोटेस्टंट? मिस्सा (भाकर-द्राक्षरस अर्पणाची पूर्ण उपासना) आहे की नुसता विवाहविधी? मुलं नात्यातली की तुमची?

पेटती_वात: वाळूला काय अर्थ आहे? चौघांनी मिळून एक मेणबत्ती पेटवा.

वाळूचं_घड्याळ: ४ वर्षांच्या मुलीच्या हातात ज्योत आणि अंगात नेटचा फ्रॉक? अजिबात नको.

सूर_लागला: ऑर्गनवाल्यांना मुलांसाठी एक धून आणि वधूसाठी दुसरी सांगा. एकच ठेवलीत तर मुलं आत येताच लोक उठून उभे राहतात. आणि वधूच्या डोक्यावरचा जाळीचा वेल लांब असेल तर…

पेटती_वात: वेलचं कोणी विचारलंय?

भर_दुपार: कॅथलिक, मिस्सा आहे. मुलं माझी, त्यांची आई वारली. लिहायचं राहिलं.

शेवटचा_बाक: मग उत्तरच बदललं. वाळू आणि मेणबत्ती कॅथलिक विवाहविधीत नाहीत, बरेच फादर नाही म्हणतात. स्वागतसमारंभात करा. संमती फक्त वधूवरांची असते, त्यामुळे मुलांसाठीची वचनं त्यात घुसवता येत नाहीत. पण मिस्सामध्ये मुलांना खरी जागा आहे.

मुलाला विनवण्यांपैकी (सगळ्यांच्या वतीने मोठ्याने वाचायच्या प्रार्थना) एक द्या, दोनच ओळींची. कागद जाड, अक्षर मोठं. माइकची उंची आदल्या दिवशीच बघा, नाहीतर आवाज डोक्यावरून जातो. अर्पणाच्या वेळी दोघं भेटी घेऊन येतील: मुलीकडे भाकरीचं झाकणवालं भांडं, द्राक्षरसाची काचेची सुरई मोठ्या माणसाकडे. मृतांसाठीच्या विनवणीत त्यांच्या आईचं नाव घ्या, पण मुलांना विचारून, आणि ती ओळ मोठ्यांपैकी कोणीतरी वाचावी. तिथे मुलाचा गळा दाटून येऊ शकतो. हे सगळं आजच फादरांना दाखवा.

वाळूचं_घड्याळ: मुलाला अंगठ्याही देता येतील. उशीवर रिबिनीने बांधा, पण निरगाठ नको, सुरगाठ हवी. निरगाठ वेदीपाशी सुटत नाही आणि सगळे ताटकळतात.

पेटती_वात: उशीवर खोट्या बांधा, खऱ्या साक्षीदाराच्या खिशात.

शेवटचा_बाक: ९ वर्षांचा मुलगा खऱ्या नीट सांभाळेल. खोट्या दिल्या हे कळलं तर त्याला वाईट वाटेल. खोट्या ४ वर्षांच्यांसाठी.

भर_दुपार: मुलगी ऐनवेळी अडून बसली तर?

शेवटचा_बाक: भांडं भाऊ घेईल, तिने फक्त त्याचा हात धरायचा. तेही नको असेल तर ती आजीजवळ पहिल्या बाकावर. ओढू नका. सराव चर्चमध्येच घ्या, त्याच बुटांत, दोनदा. आणि तालमीला आजीलाही बोलवा, कारण मुलांना कधी उठायचं याची खूण तिनेच करायची आहे.