विषय: भाच्याची गुरुवारची मुलाखत आणि अनुभवाचे पत्र

प्रेषक: नाना

सर्वांना सप्रेम नमस्कार.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या भाच्याची जळगावच्या एमआयडीसीतील पाइपच्या कारखान्यात मुलाखत आहे. आपल्याकडे अमेरिकेत तेव्हा बुधवारची मध्यरात्र उलटलेली असेल, म्हणून आजच लिहीत आहे. त्याने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेली असून 2020 च्या टाळेबंदीत चाकणची नोकरी गेल्यापासून तो यावल तालुक्यात घरीच आहे. कारखान्याने पाठवलेल्या अर्जात मागील पाच वर्षांचा तपशील महिनावार मागितला आहे आणि तेथेच सारे अडले आहे. आपल्यापैकी ज्यांचा भारतात स्वतःचा उद्योग आहे, त्यांपैकी कोणी आपल्या लेटरहेडवर 2021 पासून आजपर्यंतचे देखभाल पर्यवेक्षक म्हणून अनुभवाचे पत्र देऊ शकेल काय? मुलगा कष्टाळू आणि निर्व्यसनी आहे. मागे गणपतीच्या वेळी अक्कांच्या धाकट्या दिरांसाठी मंडळाच्या या ईमेल यादीने जे केले, तेवढेच मागत आहे.

आपला,
नाना

---

प्रेषक: सचिव

नाना, सप्रेम नमस्कार.

आपली निकड समजते. तथापि नोकरीविषयीच्या विनंत्या प्रथम रोजगार उपसमितीकडे पाठवाव्यात, असे मागील सर्वसाधारण सभेत ठरले आहे आणि ही यादी सर्व सभासदांसाठी असल्याने तो नियम पाळला जावा, ही विनंती. मंडळाचे नाव, बोधचिन्ह किंवा शिक्का असलेले कोणतेही पत्र अनुभवाचा दाखला म्हणून दिले जाणार नाही, हेही येथेच स्पष्ट करतो.

---

प्रेषक: अक्का

नाना, माझ्या दिरांचा दाखला येथे लागू पडत नाही. त्यांना मिळालेले पत्र अनुभवाचे नव्हते. गावी गेल्यावर त्यांनी उत्सवाचे जमाखर्च दोन वर्षे खरोखर लिहिले होते आणि वह्या ज्यांनी तपासल्या त्यांनीच ते लिहून दिले होते. दिरांनी न केलेले काम त्या पत्रात एका ओळीनेही नव्हते. याविषयी पुढेमागे गैरसमज राहू नये, म्हणून लिहिले.

---

प्रेषक: आबा

नाना, मी आपल्यापेक्षा वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. असे पत्र कोणीही देऊ नये आणि आपण ते मागूही नये. मुलगा चाकणला कामाला होता, म्हणजे त्याचा भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक निघालेला आहे आणि त्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली असते. नव्या ठिकाणी रुजू होताना फॉर्म 11 भरून द्यावा लागतो व त्यात आधीच्या खात्याचा तपशील विचारतात. मनुष्यबळ विभागातील कारकुनाने त्याचा सेवा-इतिहास मागितला, तर 2020 नंतर एकाही महिन्याची वर्गणी भरलेली नाही हे त्याला तत्काळ दिसेल आणि मग आपल्या लेटरहेडचे काय करायचे? खंड दिसला म्हणून नोकरी नाकारली जाते, ते दुःख सोसता येते. खोटा कागद दिला म्हणून रुजू झाल्यावर काढले, तर जळगावसारख्या गावात ती गोष्ट पुढच्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकापर्यंत त्याच्याआधी पोहोचते.

---

प्रेषक: भाऊ

आबांचा मुद्दा सरसकट लागू होत नाही. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सक्तीने लागू नसतो, त्यामुळे लहान वर्कशॉपच्या पत्रात आणि यूएएनच्या नोंदीत विसंगती दिसणार नाही. मी पत्राची बाजू घेत नाही, माहिती तेवढी अचूक असावी इतकेच.

दुसरे असे, की हा मुलगा आखाती देशांचा विचार का करत नाही? माझी स्वतःची उमेदीची वर्षे मस्कतला गेली. मात्र एजंट नोंदणीकृत असल्याची खात्री करून घ्यावी. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येते. लाख-दीड लाख मागणाऱ्याला दारातही उभे करू नये. शिरपूर आणि शहाद्याकडच्या कितीतरी घरांनी अशा कामासाठी शेत गहाण टाकल्याचे मी पाहिले आहे.

---

प्रेषक: आबा

भाऊ, वर्कशॉप लहान असले तरी पगार कोठेतरी जमा झालेला असतो. पत्र पुढे ठेवले की दुसरा प्रश्न बँकेच्या खातेउताऱ्याचा येतो आणि तिसरा पगारपत्रकाचा. पत्र लिहून देणारा सभासद ही दोन्ही कागदपत्रेही तयार करून देणार आहे काय? आखाताचा विषय कृपया स्वतंत्र धाग्यात घ्यावा.

---

प्रेषक: माई

नाना, मी या विषयावर पोटतिडकीने लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे. लग्नानंतर येथे आले तेव्हा एच-4 व्हिसावर, म्हणजे येथे नोकरीस आलेल्यांच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, काम करण्याची परवानगीच नव्हती. ती 26 मे 2015 पासून मिळू लागली आणि तीही ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला होता, प्रामुख्याने त्यांनाच. तोवरची माझी वर्षे अर्जावर कोरी दिसत होती. आमच्या ओळखीतील प्रत्येकाने मला काहीतरी लिहून देण्याची तयारी दाखवली होती. मी काहीही घेतले नाही. त्या काळात मंडळाच्या शनिवारच्या शाळेत मी मुलांना शिकवत होते, दिवाळी अंकाची छपाई पाहत होते, दोन सार्वजनिक वाचनालयांत यादीकरणाचे काम विनावेतन करत होते. ते सारे मी तारखांसह लिहिले आणि प्रत्येक नोंदीपुढे ज्यांना फोन करता येईल अशा व्यक्तीचे नाव दिले. पहिली नोकरी पदवीच्या मानाने लहान मिळाली, पण मुलाखतीत मला एकही वाक्य जपून बोलावे लागले नाही.

म्हणून मला एकच विचारायचे आहे. हा मुलगा या वर्षांत रोज सकाळी उठून नेमके काय करत होता? "घरीच आहे" हे उत्तर मला पटत नाही. यावल तालुक्यात शेतकऱ्याच्या घरी कोणी नुसते बसून राहत नाही.

---

प्रेषक: बापू, जळगाव

सर्वांना नमस्कार. परत आल्यापासून मी यादीवर फारसा लिहीत नाही, परंतु हा विषय माझ्या रोजच्या कामाचा असल्याने लिहितो. मुलाखत आमच्या कारखान्यात नाही. आम्हीही पाइपच बनवतो.

पर्यवेक्षकाच्या जागेसाठी उमेदवार आला, की मी आधी त्याच्या हातात पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा आणि व्हर्निअर कॅलिपर देतो आणि पाइपच्या भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजायला सांगतो. आयएस 4985 या मानकात प्रत्येक व्यासाला आणि दाबाच्या वर्गाला कमीत कमी किती जाडी हवी ते दिलेले आहे. तो तक्ता समोर भिंतीवरच असतो. मग विचारतो, की एका बाजूने भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ येत असेल, तर डायचे, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्याचे, कोणते बोल्ट सैल करशील व कोणते आवळशील? पुढे विचारतो, की पाइप ओढणाऱ्या यंत्राचा वेग वाढवला तर जाडीचे काय होईल? ज्याने यंत्रावर हात काळे केले आहेत, तो तुकडा हातात फिरवतच उत्तर देतो. ज्याने केवळ पत्र आणले आहे, तो खिडकीकडे पाहतो. मधल्या वर्षांतील रिकाम्या जागेची चौकशी मीही करतो, पण मला त्यातून एवढेच जाणून घ्यायचे असते, की याला पाळीची शिस्त पुन्हा लागेल की नाही आणि हा दोन महिन्यांत दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरून निघून तर जाणार नाही ना.

नाना, माईंनी विचारले आहे त्याचे उत्तर मुलाकडून आजच घ्यावे आणि येथे लिहावे.

---

प्रेषक: नाना

भाच्याशी सविस्तर बोललो. पहिली दोन वर्षे तो जळगावला अभ्यासिकेत बसत होता व राज्यसेवा आणि रेल्वे या दोन्हींची तयारी करत होता. त्यानंतर वडिलांना पाठीचा त्रास सुरू झाला म्हणून केळीची बाग त्याने हाती घेतली. मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे केळीची पावसाळ्याच्या सुरुवातीची आणि पावसाळ्यानंतरची, अशा दोन्ही लागवडी आहेत. ठिबकचा सारा संच तो स्वतः पाहतो. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी ड्रीपर बुजतात, तेव्हा आम्ल प्रक्रिया करून नळ्या फ्लश करणे, सँड फिल्टरमधील वाळू बदलणे, व्हेंच्युरीतून खत सोडणे, पंपाचा स्टार्टर दुरुस्त करणे ही कामे तो आमच्याकडे करत होताच. पुढे शेजारच्या शिवारातील शेतकरी त्याला बोलावू लागले आणि हंगामात रोज कोणाकडे ना कोणाकडे त्याचे काम असते. त्याचे पैसे त्याला रोख किंवा फोनवरून मिळतात. हे तो "नोकरी नाही" म्हणून कोणाला सांगत नव्हता आणि मलाही त्याने विचारल्यावरच सांगितले. पत्राची विनंती मी मागे घेतो. हे काम अर्जात कसे मांडावे, एवढे सांगावे.

---

प्रेषक: बापू, जळगाव

नाना, पाइपच्या कारखान्याला याहून जवळचा अनुभव कोणता असेल? आमचा निम्मा माल शेतातच जातो. जो माणूस शेतात बुजलेली नळी उघडून पाहतो, त्याला पाइपमधील दोष कारखान्यातील तपासनिसाच्या आधी कळतो. त्याने आपल्या फोनमधील पैसे जमा झाल्याच्या नोंदी काढाव्यात आणि ज्यांचे संच त्याने दुरुस्त केले, अशा दोघातिघा शेतकऱ्यांकडून सही व मोबाइल क्रमांकासह चार ओळी लिहून घ्याव्यात. दुकानातून आणलेल्या सुट्या भागांची बिले असतील तर तीही जोडावीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करण्याचा सल्ला त्याला कोणी देईल. ती विनामूल्य असते आणि पुढे व्यवसाय करायचा असेल तर जरूर करावी, परंतु नोंदणीची तारीख प्रमाणपत्रावर छापलेली असते, त्यामुळे मागील वर्षांचा पुरावा म्हणून ती दाखवू नये.

---

प्रेषक: अण्णा

परीक्षेची दोन वर्षे अर्जात लिहूच नयेत, असे माझे मत आहे. खासगी मालकाला परीक्षार्थी नको असतो. 2016 मध्ये राज्य शासनाने खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा 33 वरून 38 केली. संधी वाढली हे खरे, पण आमच्या धुळ्यातील आणि जळगावातील अभ्यासिकांत कितीतरी मुले त्यामुळे ऐन उमेदीची आणखी पाच वर्षे बसून राहिली. मी माझ्या घरात ते पाहतो आहे आणि जीव तुटतो.

मुलाखत यशस्वी झाली नाही, तर जिल्हा कौशल्य विकास केंद्रात जावे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 35 वर्षांपर्यंतच्या उमेदवारांना प्रत्यक्ष आस्थापनेत काम मिळते.

---

प्रेषक: आबा

अण्णा, त्या योजनेत पदविकाधारकाला ठरलेले विद्यावेतन महिना 8,000 रुपये होते. मुदत सहा महिन्यांची, ती पुढे 11 झाली, आणि त्यानंतर कायम करण्याची कोणतीही हमी नाही. तेहतीस वर्षांच्या संसारी माणसाला हे पहिला पर्याय म्हणून सुचवू नये. विशीतल्या मुलासाठी ती योजना उत्तम आहे.

परीक्षेची वर्षे मात्र लिहिलीच पाहिजेत. ती लपवली, तर पुन्हा तोच खंड तयार होतो आणि त्याचे दुसरे उत्तर शोधावे लागते.

---

प्रेषक: माई

आबांशी सहमत आहे. मी मजकूर करून देते. नानांनी मुलाला वाचून दाखवावा व तारखा त्याच्याकडून भरून घ्याव्यात:

"टाळेबंदीच्या काळात चाकण येथील नोकरी संपुष्टात आली. त्यानंतर दोन वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी केली. आता ती पूर्णपणे थांबवली आहे. त्यापुढील काळात घरच्या केळीबागेचे व्यवस्थापन आणि परिसरातील शेतकऱ्यांच्या ठिबक संचांची देखभाल-दुरुस्ती स्वतंत्रपणे केली. कामाचे स्वरूप: फिल्टर, व्हेंच्युरी, सबमेन आणि लॅटरल यांची तपासणी, आम्ल प्रक्रिया, पंप व स्टार्टरची दुरुस्ती. ज्यांच्याकडे काम केले त्यांचे संपर्क सोबत जोडले आहेत."

"पूर्णपणे थांबवली आहे" हे वाक्य खरे असेल तरच ठेवावे. ते खरे नसेल, तर मुलाने मुलाखतीआधी स्वतःशी निर्णय करावा, कारण बापूंनी सांगितल्याप्रमाणे मालक नेमके तेच विचारणार आहे.

---

प्रेषक: सचिव

माईंचा मसुदा रोजगार उपसमितीच्या संग्रहात ठेवण्यास अनुमती असावी. उपसमितीने असा नमुना गेल्या वर्षीच तयार करण्याचे ठरवले होते आणि त्यावर काम चालू आहे, याचीही नोंद घ्यावी.

---

प्रेषक: माई

अनुमती आहे. त्यात शेतीऐवजी घरातील आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठीही एक नमुना घालावा. त्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही.

---

प्रेषक: नाना

मजकूर वाचून दाखवला. परीक्षेचे वाक्य ठेवावे, असे त्याने स्वतःहून सांगितले. दोन शेतकऱ्यांनी लिहून दिले आहे, तिसरे आज रात्री देतील. पगार किती मागावा, असे त्याने विचारले आहे. चाकणला शेवटी मिळत होता त्यापेक्षा कमी सांगितल्यास किंमत कमी होईल, अशी त्याला भीती वाटते.

---

प्रेषक: बापू, जळगाव

आकडा त्याने आधी सांगू नये. चाकणचा पगार विचारला तर खरा तोच सांगावा आणि जळगावात घरून येऊन-जाऊन काम करणे शक्य असल्याने त्यात तडजोडीस तयार आहे, पण तीन महिन्यांनी काम पाहून पुन्हा बोलावे, असे म्हणावे. पाळीचे तास, अतिकालिक कामाचा दर आणि भविष्यनिर्वाह निधी पहिल्या महिन्यापासून कापला जाणार आहे ना, या तीन गोष्टी मात्र त्याने विचारून घ्याव्यात.

फाटकावर साडेदहाला पोहोचावे. आधारकार्ड, पदविकेच्या मूळ गुणपत्रिका आणि चाकणचे सेवामुक्तीचे पत्र सोबत असावे. ज्या शेतकऱ्यांचे क्रमांक दिले आहेत, त्यांना गुरुवारी दुपारपर्यंत फोन जवळ ठेवायला सांगावे. सध्या केळीची कापणी चालू असेल, तर गाडी भरताना फोन बांधावर राहतो आणि कारखान्यातून आलेला फोन कोणी उचलत नाही.