सोलापुरात मित्रांसोबत एक दिवस : काय पाहावे, कुठे खावे?

प्रश्न
डिसेंबरमध्ये आम्ही महाविद्यालयातील पाच मित्र मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सोलापुरात उतरणार आहोत आणि त्याच गाडीने रात्री परतणार आहोत. तुळजापूर व अक्कलकोट ही दोन्ही दर्शने करून उरलेल्या वेळात शहर पाहावे, असा विचार आहे. हे जमेल का? दोघे शाकाहारी आहेत.

प्रतिसाद १
जमेल, पण तसे करू नये, असे मी मनापासून सांगेन. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटरवर, तर अक्कलकोट जवळपास तितकेच दुसऱ्या दिशेला आहे. दर्शनाच्या रांगा धरल्या तर दिवस तिथेच संपेल आणि सोलापूर फक्त गाडीच्या काचेतून दिसेल.

सकाळी थेट सिद्धेश्वर मंदिरात जावे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचे हे स्थान तलावाच्या मधोमध आहे आणि ऊन चढण्यापूर्वी तिथे निवांत बसता येते. शेजारीच भुईकोट किल्ला आहे; त्याची दुहेरी तटबंदी सावकाश फिरून पाहावी. तिथून जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर लष्करी कायदा लादला होता, हे बाहेरच्या फार थोड्यांना माहीत असते, म्हणून तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुपारी जेवणात कडक भाकरी, शेंगांची भाजी, दही आणि शेंगाचटणी मागवावी. भाजी म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची दाट, तिखट आमटी. तिच्यात भाकरी चुरून, ती मऊ होईपर्यंत थोडा धीर धरून खावी. चटणी घरी नेणार असाल तर कुटलेली घ्यावी, कारण लसूण, तिखट आणि शेंगदाणे एकत्र कुटताना सुटणारे तेल हाच तिचा जीव असतो आणि मिक्सरमधल्या कोरड्या भुकटीला ती चव येत नाही. भाकरीही सोबत न्यावी. कोरडी राहिली तर बरेच दिवस टिकते.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र त्यात पूर्व भाग राहिला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती आहे. तेलुगू बोली कानावर पडते आणि गल्लीतून चालताना यंत्रमागांचा आवाज ऐकू येतो. ओळखीतून एखाद्या कारखान्यात परवानगी मिळाली तर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर उतरताना अवश्य पाहावी. एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला रंग पालटून कशी उमटते, हे मागासमोर उभे राहिल्यावरच नीट कळते. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाने बाहेरचा मालही विकला जातो. म्हणून खरेदी येथील विणकरांच्या संस्थेत किंवा कारखान्याच्या स्वतःच्या दुकानात करावी आणि सूत हाताला लावून पाहावे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तुळजापूर-अक्कलकोट पुढच्या वेळेसाठी ठेवतो. एक मित्र शिलालेखांचा अभ्यासक असून हत्तरसंग कुडलचा आग्रह धरतो आहे. शिवाय सायंकाळी काय करावे?

प्रतिसाद १
त्यांचा आग्रह रास्त आहे. भीमा-सीना संगमावरील त्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि अनेक मुखे कोरलेले शिवलिंगही तिथेच पाहायला मिळते. परंतु जाण्यायेण्यात अर्धा दिवस जाईल. तेव्हा किल्ला किंवा पूर्व भाग यांपैकी एक सोडावा लागेल. मी किल्ला सोडला असता, कारण तसे किल्ले इतरत्रही पाहता येतात.

सायंकाळी पार्क चौकात खाण्याच्या गाड्या लागतात. शाकाहारी मित्रांची तिथे उत्तम सोय होईल. बाकीच्यांनी शिक कबाब चुकवू नये. गाडी रात्री उशिरा असल्याने जेवणाची घाई करण्याचे कारण नाही.