मधुमेही कामगार, जेवणाची सुटी आणि पातेल्यातली साखर

रात्रपाळी (सातपूर):
मधुमेह दिनाच्या निमित्ताने, म्हणजे १४ नोव्हेंबरला, एका निवृत्त कार्मिक अधिकाऱ्यांनी येथे लिहिले की मधुमेह हा जिभेच्या बेशिस्तीचा आजार असून कंपनीने त्यासाठी सवलती देणे म्हणजे त्या बेशिस्तीला बक्षीस देणे होय. ज्याला प्रकृतीची काळजी असेल त्याने पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या माराव्यात, असाही त्यांचा सल्ला आहे. साहेब, मी रात्रपाळी संपवून घरी पोचतो तेव्हा आपल्या फेऱ्या होऊन पोहेही खाऊन झालेले असतात.

मी ग्लिमेपिराइड ही रक्तातली साखर उतरवणारी गोळी घेतो; ती घेऊन वेळेवर जेवले नाही तर साखर फार खाली जाते. गेल्या वर्षी एका रात्री साडेबाराची जेवणाची सुटी माल निघायचा म्हणून पुढे ढकलली गेली, आणि मी गोळी मात्र सव्वाबारालाच घेऊन बसलो होतो. अडीचच्या सुमारास व्हर्नियर या मोजपट्टीवरचा आकडा मला दिसत होता, पण तो कागदावर उतरवता येईना. तीनदा खोडले, सदरा घामाने चिंब झाला, आणि काय झाले म्हणून विचारणाऱ्या सुपरवायझरवर मी खेकसलो. त्यावर त्याने पहिले काम केले ते माझ्या तोंडाचा वास घेण्याचे. शेजारच्या मशीनवरच्या पोराने पाण्यात साखर कालवून पाजली, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत मी माणसात आलो. मला हलके काम नको आहे. जेवणाची वेळ हलवू नये आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवू द्यावी, एवढेच मागणे आहे.

निवृत्त कार्मिक:
माझ्या लेखातील एकच वाक्य उचलून आपण भांडता आहात. मी स्वतः २० वर्षे मधुमेही आहे आणि त्यापायी एकही रजा घेतलेली नाही. यंत्रापाशी खाण्यास मनाई असते ती हात तेलाने आणि लोखंडाच्या किसाने माखलेले असतात म्हणून, कामगाराचा छळ करावा म्हणून नव्हे. आज ग्लुकोजची पुडी आली, तर उद्या तिथे शेव-चिवडा येईल.

इन्सुलिनवाली:
काका, आपल्या केबिनला दार होते आणि टेबलाला खण होता, म्हणून आपली रजा पडली नाही. मला टाइप १ मधुमेह अकराव्या वर्षी झाला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, तेव्हा त्या वयात मी जिभेची कोणती बेशिस्त केली होती ते आपणच सांगावे. पहिल्या नोकरीत मी वर्षभर स्वच्छतागृहात उभी राहून इंजेक्शन घेतले, कारण टेबलापाशी सुई दिसली की आजूबाजूची माणसे कुजबुजत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्या माणसांना चार फेऱ्या मारायला मैदान तरी पुरेल का?

अंबडचा कारखानदार:
आकडे राहू द्या. माझ्याकडे १८ माणसे आहेत आणि सगळे जॉबवर्क आहे. तीन वर्षांपूर्वी माझा एक प्रेस ऑपरेटर भोवळ येऊन पडला. चार बोटे डावीकडे पडला असता तर हात गेला असता. तो इन्सुलिन घेत होता हे मला त्याच्या बायकोकडून दवाखान्यात कळले. आजार लपवायचा आणि मग मालक निर्दयी म्हणायचे, हा कुठला न्याय?

रात्रपाळी (सातपूर):
शेठ, तो का लपवतो हेही विचारा. आमच्याकडे एकाने खरे सांगितले, तर आठवड्याच्या आत त्याला क्रेनवरून उतरवून पॅकिंगला बसवले आणि त्याचा ओव्हरटाइम गेला. त्यानंतर कोण तोंड उघडेल?

अंबडचा कारखानदार:
क्रेनवरून उतरवले ते बरोबरच केले. त्याचा ओव्हरटाइम कापायला नको होता, इतके मी मान्य करतो.

फिटर (सिन्नर):
मुख्य दुखणे चहाचे आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. उपाहारगृहाचा ठेकेदार साखर पातेल्यातच ओततो. बिनसाखरेचा मागितला की म्हणतो, ‘एका माणसासाठी वेगळे पातेले ठेवू का?’ आठ तासांत तीन कप होतात, आणि प्रत्येक कपात दोन चमचे.

निवृत्त कार्मिक:
मग पिऊ नका. तीन कप चहा घेण्याची सक्ती कोणी केली आहे?

फिटर (सिन्नर):
रात्री तीन वाजता मशीनवर डुलकी लागली तर मेमो आपण देणार की नाही?

स्टोअरवाला (गोंदे):
साखरेला इतक्या शिव्या देऊ नका. आमच्याकडे एकाची रक्तातली साखर ५२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर उतरली होती, तेव्हा याच पातेल्यातल्या गोड चहाने तो शुद्धीवर राहिला.

इन्सुलिनवाली:
म्हणूनच साखर वेगळ्या डब्यात हवी. ज्याला नको त्याने टाकू नये आणि ज्याची ७० च्या खाली गेली त्याला लगेच हाती लागावी. साधारण तीन चमचे पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. क्रीमचे बिस्कीट देऊ नका, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा.

निवृत्त कार्मिक:
डब्यातील साखर घरी जाते. मी ३० वर्षे उपाहारगृहाच्या समितीवर होतो, चमचेसुद्धा मोजून घेत असू.

फिटर (सिन्नर):
म्हणजे मोजायला माणूस होता, पण बिनसाखरेचा कप द्यायला नव्हता!

रात्रपाळी (सातपूर):
चहावरून भांडण पेटले आणि माझी जेवणाची सुटी बाजूलाच राहिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती, आणि ती मधुमेह्यांसाठी नव्हे तर सगळ्यांसाठी. तेव्हा मी सवलत मागत नाही, वसुली करतो आहे.

निवृत्त कार्मिक:
सुटी पुढे ढकलणे चुकीचेच होते, हे मी नाकारत नाही. आपण उद्धटपणे लिहिले नसते तर हे पहिल्याच उत्तरात कबूल केले असते.

अंबडचा कारखानदार:
ठीक आहे, आपण सगळे शहाणे आणि मी एकटा कसाई. प्रेसवर सोबतीला माणूस ठेवीन आणि पुड्या प्रथमोपचाराच्या पेटीत टाकीन. इन्सुलिनसाठी ऑफिसातल्या फ्रिजमध्ये, चिकटवायच्या ग्लूच्या डब्याशेजारी, एक कप्पाही रिकामा करतो; एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणूसच टिकत नाही, तिथे औषध काय टिकणार?

इन्सुलिनवाली:
कप्पा खालचा द्या. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले इन्सुलिन एकदा गोठले की फेकून द्यावे लागते. आणि तो ग्लूचा डबा आधी बाहेर काढा.